एकाच मालाचे दोन दाम

भालकीचे एक गृहस्थ गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत आले. वय पस्तिशीचे, व्यवसायाने शिक्षक. पिशवीतून त्यांनी एक सीडी, तिची पेटी आणि सोलापूरच्या दुकानाची २००९ सालची पावती काढून मेजावर ठेवली. सीडीत संगणकावर खेळावयाचा एक खेळ होता. महाविद्यालयात असताना शिकवण्यांच्या पैशांतून त्यांनी तो विकत घेतला होता. आता तो आपल्या मुलास दाखवावा म्हणून नव्या संगणकावर चढविला, तर चालेना. खेळ सुरू होण्यापूर्वी आपली प्रत अस्सल आहे की नाही याची खात्री कंपनीच्या सर्व्हरकडून करून घेतो, आणि तो सर्व्हर कंपनीने केव्हाच बंद केला आहे. त्यांनी कंपनीस पत्र लिहिले. उत्तर आले की, सदर आवृत्ती मागे घेण्यात आली असून नवी आवृत्ती विक्रीस उपलब्ध आहे, ती घ्यावी. "वकीलसाहेब, एकदा घेतलेली वस्तू पुन्हा विकत घ्यायची, हा कुठला न्याय?" असे त्यांनी विचारले.

आम्ही प्रथम हसलो, हे कबूल केले पाहिजे. वाटणीचे दावे आणि बांधांची भांडणे यांनी भरलेल्या मेजावर खेळाची सीडी आली म्हणजे कोणाही वकिलास हसू येईल. पण ते गृहस्थ गेल्यावर त्यांचा प्रश्न मात्र गेला नाही. आणि जसजसा विचार केला तसतशी आमची खात्री झाली की, हा पोरखेळ नसून खरेदी या शब्दाच्या अर्थावरच घातलेला हात आहे.

खरेदी म्हणजे काय, हे आमच्या या सीमाभागात कोणास शिकवावे लागत नाही. बीदर जिल्ह्यातील जुन्या घरांतील लाकडी पेट्या उघडून पाहाव्यात. त्यांत उर्दूत लिहिलेले खरेदीखत सापडेल; त्यावर कोठे मोडीतील सही, तारीख फसली सनाची आणि रक्कम हाली सिक्क्यात. ते खत ज्या राज्यात झाले ते निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले. हाली सिक्का व्यवहारातून गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदरचेच तालुके मुंबई राज्यात गेले, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. कचेरीची भाषा बदलली. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. माणूस जागेवरच राहिला आणि राज्ये त्याच्या डोक्यावरून गेली. या सगळ्या उलथापालथीत कोणा तहसीलदाराने कोणा शेतकऱ्यास असे सांगितले काय की, "बाबा, तुझे खत जुन्या राज्याचे आहे, ते नव्या राज्यात चालत नाही, तेव्हा तेच शेत पुन्हा विकत घे"? जहागिरी गेल्या, कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली जमिनीही गेल्या, हे खरे. पण ते कायद्याने, उघडपणे आणि भरपाईची तरतूद करून झाले. खताची लिपी जुनी झाली एवढ्यावरून कोणाची मालकी बुडाली नाही.

पुढे सन २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' नावाच्या योजनेखाली पहाणी पत्रके संगणकावर घेतली. हस्तलिखित नोंदवह्यांचे हे डिजिटल रूपांतर फार मोठे काम होते, त्यास खर्चही आला. तो भागविण्यासाठी शेतकऱ्याकडून काय घेतले? छापील उताऱ्याच्या एका प्रतीस पंधरा रुपये. शेताची किंमत नव्हे, उताऱ्याची फी. आमचा सारा वाद या दोहोंतील अंतराबद्दल आहे. जुनी वस्तू नव्या यंत्रावर चालावी म्हणून कोणी श्रम केले असतील तर त्या श्रमांचे मोल मागण्याचा त्यास अधिकार आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. वस्तूची किंमत पुन्हा मागण्याचा अधिकार मात्र त्यातून निघत नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्याने हे अंतर जाणूनबुजून पुसले आहे. जाणूनबुजून म्हणण्याचे कारण असे की, ते पाळता येते हे याच धंद्याने एकदा दाखवून दिलेले आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ सालचा. तोच खेळ १९९३ मध्ये नव्या यंत्राच्या कॅसेटीत, १९९९ व २००४ मध्ये हातात धरावयाच्या यंत्रांवर आणि २००६ मध्ये 'वी' या यंत्रावर डिजिटल रूपात पुनःपुन्हा विकला गेला. १९९३ आणि १९९९ च्या आवृत्त्यांत काही नवे काम तरी होते. २००४ व २००६ च्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही. पुढे 'वी यू' या यंत्रावर २०१३ मध्ये मात्र कंपनीने एक न्याय्य गोष्ट केली. ज्याने जुन्या यंत्रावर असा खेळ डिजिटल रूपात घेतला होता त्यास तोच खेळ नव्या यंत्रावर एका डॉलरात दिला; इतरांस त्याचीच किंमत सुमारे पाच डॉलर होती. म्हणजे उताऱ्याची फी कोणती आणि शेताची किंमत कोणती, हे कंपनीस नीट कळत होते! आणि तरीही, त्यापुढच्या 'स्विच' या यंत्रावर २०१८ पासून ही सोय गेली. जुने खेळ आता वर्गणी भरणारालाच मिळतात, आणि वर्गणी थांबली की खेळही थांबतो. पूर्वी ज्याने तीनदा किंमत मोजली त्याच्या पदरात चौथ्या वेळी मालकी म्हणून काहीही पडत नाही. दरम्यान 'वी'चे डिजिटल दुकान जानेवारी २०१९ मध्ये आणि 'वी यू'चे मार्च २०२३ मध्ये विक्रीस बंद झाले.

हे टाळता येत नाही असे कोणी म्हणू नये. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आपल्या नव्या यंत्रात अशी व्यवस्था केली की, मागच्या यंत्राची डिस्क आत घातली म्हणजे, तो खेळ त्यांच्या यादीत असल्यास, दुसरा पैसा न देता खेळता येई. पोलंडमधील 'जीओजी' हे दुकान २००८ पासून जुने खेळ नव्या संगणकांसाठी तयार करून विकते, आणि ग्राहकाच्या हाती अशी प्रत देते की दुकान उद्या बुडाले तरी ती चालावी. दोन्ही व्यापारीच आहेत, धर्मादाय संस्था नव्हेत.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आमच्याकडील तरुणांस अधिक जवळचे वाटेल. 'व्हाइस सिटी' हा रॉकस्टार कंपनीचा २००२ चा खेळ. आपल्याकडील सायबर कॅफेंत एका पिढीची दुपार त्यानेच खाल्ली. २०२१ च्या नोव्हेंबरात कंपनीने तो आणि त्याचे दोन भाऊबंद यांची नवी आवृत्ती पूर्ण किमतीला काढली, आणि त्याआधीच, ऑक्टोबरात, जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून उचलल्या. नवी आवृत्ती इतकी सदोष निघाली की कंपनीस जाहीर क्षमा मागावी लागली, आणि संगणकावरील जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीस ठेवाव्या लागल्या. नवा माल चांगला आहे याची खात्री असती तर जुना माल मांडणीवरून काढण्याची घाई कशाला झाली असती? आमच्या गंजात जुना तांदूळ नव्याहून महाग विकला जातो. येथे जुना लपवून नवा गळ्यात मारण्यात आला.

आता आमच्यावर उलटणारा प्रश्न आम्हीच घेतो. प्रामाणिक वाचक म्हणेल, "तुम्ही सीमाभागातली मंडळी पहिल्यांदा तरी पैसे दिलेत काय?" प्रश्न बोचणारा आहे. गुलबर्ग्याच्या सुपर मार्केटात आणि शरणबसवेश्वरांच्या जत्रेत आमच्या लहानपणी जे टीव्ही गेम मिळत ते बहुतेक नकली होते. पिवळ्या कॅसेटीवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत दहाबारा खेळ असत. सायबर कॅफेतली 'व्हाइस सिटी' कोणाच्या पैशांनी आली होती, हे कॅफेवाल्यास ठाऊक. त्या नकली मालाचे आम्ही समर्थन करीत नाही, आणि त्यावर कोणा मालकी हक्काचा दावाही सांगत नाही. पण परिणाम पाहा. ती नकली पिवळी कॅसेट फुंकर मारून यंत्रात बसविली तर आजही चालण्याचा संभव आहे. आणि भालकीच्या शिक्षकांनी पावतीसह घेतलेली अस्सल सीडी मेली आहे. चोरीच्या मालाला आयुष्य आणि दामाच्या मालाला मरण, अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांनीच चोरीबद्दल प्रवचने द्यावीत, याहून मोठा विनोद कोणता?

कंपन्यांचे कायदेशीर उत्तर ठरलेले आहे. तुम्ही खेळ विकत घेतलाच नव्हता. तो वापरण्याचा केवळ परवाना घेतला होता, आणि तशा करारास बटण दाबून संमतीही दिली होती. हे उत्तर ऐकून सामान्य माणूस गप्प बसतो. आमच्या मते त्याने गप्प बसू नये. दुकानाच्या फलकावर 'विकत घ्या' आणि कराराच्या चाळिसाव्या कलमात 'विकलेले नाही', या दोन जिभांपैकी ग्राहकाने कोणती खरी मानावी? कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कायदा करून, परवाना देणाराने तो परवाना आहे असे ठळकपणे सांगितल्याखेरीज डिजिटल मालास 'विकत घ्या' म्हणू नये, असे ठरविले. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. लबाडी उघड झाली, एवढे त्याने साधले; ती थांबली नाही.

आपल्या देशातील स्थिती याहून मनोरंजक आहे. सॉफ्टवेअर म्हणजे माल की नव्हे, हा वाद येथे ग्राहकाने नव्हे तर कर घेणाऱ्या सरकारने पेटविला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला की, तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा मालच होय, आणि त्यावर विक्रीकर बसतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या प्रकरणात त्याच न्यायालयाने, कागदावर 'परवाना' हा शब्द असला तरी अशा व्यवहारात प्रतीची विक्री होते, लेखाधिकारातील हक्कांची नव्हे, असे सांगून परदेशी विक्रेत्यांस स्वामित्वधनावरील आयकरातून मोकळे केले. या दोन्ही निर्णयांचा विषय कर हा आहे. संगणकावर उतरवून घेतलेल्या प्रतीबद्दल ग्राहकाचे सर्व हक्क त्यांतून आपोआप सिद्ध होतात, असे आम्ही म्हणत नाही. पण कर वाचविण्याच्या वेळी जी विक्री असते ती ग्राहक दारात आल्याबरोबर परवाना कशी होते, हा प्रश्न विचारण्यास ते पुरेसे आहेत. युरोपातील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली, कायमच्या वापरासाठी मोबदला घेऊन दिलेली सॉफ्टवेअरची प्रत ही विक्रीच होय, असे म्हटले होते. पुढे ई-पुस्तकांच्या आणि, फ्रान्समध्ये, खेळांच्या बाबतीत न्यायालये मागे सरली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या १९५७ च्या लेखाधिकार कायद्याचे ५२ वे कलम, संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या धोक्यापासून रक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा देते. खेळ ही संगणक प्रणालीच होय. जो राखीव प्रत काढू शकतो तो ती चालवूही शकला पाहिजे. अन्यथा ती मुभा म्हणजे कुलूप लावलेल्या घराची दानपत्रे वाटण्यासारखी होईल.

या नियतकालिकात असल्या विषयास जागा का, असे काहींस वाटेल. त्यांनी आपल्या घरातील माळ्यावर पाहावे. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या, वडिलांच्या भजनांच्या कॅसेटी, गोव्याकडील घरांत तियात्रांच्या कॅसेटी आणि सीडी; तेच गाणे एका घराने तीनदा विकत घेतले आणि चौथ्यांदा आता महिन्याच्या वर्गणीवर ऐकतो आहे. तबकडीची कॅसेट झाली तेव्हा तबकडी कोणी घरातून नेली नव्हती, ती वाजत राहिली. आता जुनी वस्तू विक्रेता दुरूनच बंद पाडू शकतो, हा नवा प्रकार आहे, आणि तो प्रथम खेळांत आला आहे. 'द क्रू' हा युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ चा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून असाच संपविण्यात आला. घरात डिस्क असलेल्यांचाही संपला. त्यावर युरोपात जी चळवळ उठली तिच्या मागणीपत्रावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मराठी आणि कोकणी गाण्यांसाठी तेवढ्या सह्या कोण गोळा करणार?

भालकीच्या गृहस्थांस आम्ही तक्रार करण्याचा सल्ला दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली आहे, त्यामुळे कंपनीच्या करारात परक्या देशाचे न्यायालय लिहिलेले असले तरी आम्ही त्यास भीत नाही. सबळ कारण नसता एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारे कलम त्या कायद्यानुसार अन्याय्य करार ठरू शकते, आणि असे कलम रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगास आहे. मुदत दोन वर्षांची. ती आमच्या हिशोबाने कंपनीच्या नकाराच्या पत्रापासून मोजली पाहिजे, विरुद्ध पक्ष अर्थातच ती २००९ पासून मोजील. आमची मागणी मोठी नाही. कंपनीने पडताळणीची अट काढून टाकणारी दुरुस्ती द्यावी, किंवा नव्या आवृत्तीची प्रत केवळ रूपांतराच्या वाजवी फीवर द्यावी. मूळ पावती आम्ही कपाटात ठेवून घेतली आहे. सोळा वर्षांत तिच्यावरील अक्षरे इतकी पुसट झाली आहेत की, रक्कम वाचता येते आहे तोवर तिची साक्षांकित प्रत काढावी, असे कारकुनास सांगितले आहे.