सभा की टपाल? साताऱ्या-मिरजेच्या संशोधकांचा विसरलेला धडा

१/ मराठी इतिहाससंशोधनाची कथा बहुधा अशी सांगितली जाते: आधी एकांडे शिलेदार होते, ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि मग संशोधन सामूहिक झाले. ही मांडणी सातारा व मिरज या दोन्ही गावांवर अन्याय करणारी आहे.

२/ आरंभ १८७८ पासून करावा. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी त्या वर्षी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. बखरी, पत्रे, जुनी काव्ये टिपांसह छापावीत आणि अंक वर्गणीदारांकडे धाडावेत, ही त्याची रीत. मूळ कागद वाड्यातच राहिला, तरी मजकूर परगावच्या वाचकाच्या हाती पडू लागला.

३/ तीच वाट मिरजेने धरली. तेथील हायस्कुलातील संस्कृतचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरांतील पत्रे कालक्रमाने लावली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ क्रमशः प्रसिद्ध केला. १९२४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे ठिकाण मिरजच राहिले.

४/ साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०८ मध्ये ‘इतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले. वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणीसांच्या दफ्तराचे कागद त्यांच्या संग्रही होते. मंडळाच्या स्थापनेस तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

५/ हे तिघे उपक्रम एकाकी कसे म्हणावेत? त्यांचे वाचक एका छताखाली बसत नव्हते, एवढाच फरक. सभेत सहभागी होण्यास पुणे गाठावे लागे, सवड आणि भाडे लागे. अंक मात्र तासगावच्या शिक्षकाकडेही त्याच टपालाने जाऊ शके.

६/ आक्षेप रास्त आहे: छापील अंकाला तेथल्या तेथे उलटप्रश्न विचारता येत नाही, आणि काय छापावे हे संपादकच ठरवतो. सभेत निबंध वाचणाऱ्यास समोरासमोर उत्तर द्यावे लागते. हा सभेचा खरा गुण होय.

७/ पण सभेतील वाद तेथेच विरला तर गैरहजराला त्याचा काय लाभ? हे मंडळानेही ओळखले होते. म्हणूनच संमेलनांची वृत्ते छापली गेली आणि १९२० पासून त्रैमासिक निघू लागले. सभेलाही अखेर टपालाचाच आश्रय घ्यावा लागला.

८/ एका जागेवर विसंबण्यात आणखी एक धोका असतो: जागा हलते. पारसनीसांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सातारकराला साताऱ्याचेच कागद पाहण्यास पुण्याची वाट धरावी लागली. ‘इतिहाससंग्रहा’चे अंक मात्र ज्या घरी पोहोचले होते, तेथून कोणी परत मागितले नाहीत.

९/ आजही वाई, कराड, विट्याच्या अभ्यासकाला ‘पुण्याला या, तेथे चर्चा असते’ असेच सांगितले जाते. चर्चा अवश्य व्हावी. परंतु निबंध आधी सर्वांकडे पाठवावा, लेखी शंका मागवाव्यात आणि उत्तरांसह सभेचे वृत्त पुन्हा सर्वांना धाडावे. एवढे न करणाऱ्या संस्थेने आपल्या कामाला सामूहिक म्हणू नये. ते केवळ हजर असलेल्यांचे काम होय.