भाड्याचा दावा आणि नव्वद दिवस

गावात शेती आणि तालुक्याच्या पेठेत मुलाचे भाड्याचे दुकान, असा संसार आज अनेक घरांचा आहे. एखादे साल पाऊस दगा देतो, उधारी अडकते आणि भाडे थकते. मग मालकाची नोटीस येते. पुष्कळजण ती फडताळात टाकून गप्प बसतात. नुकसान होते ते इथेच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ज्या शहरांना-गावांना लागू आहे, तिथे थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस मालकाला त्यासाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. तेवढ्यात बाकी फेडावी. दावा लागलाच, तर समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत सारी थकबाकी, दरसाल 15 टक्के सरळव्याज व दाव्याचा खर्च कोर्टात भरावा. निकाल लागेपर्यंत पुढचे भाडेही वेळच्या वेळी भरत राहावे. तसे केल्यास थकबाकीपायी जागा सोडण्याचा हुकूम होत नाही. मुदत हुकली, की हा आधार गेला.

मालकांनीही ध्यानात घ्यावे. भाडे घेतले, की लेखी पावती दिलीच पाहिजे.

तेव्हा पावत्या तारेत ओवून जपा. समन्स हाती पडताच त्यावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. आपल्या गावाला हा कायदा लागू आहे का, तेही त्यांनाच विचारा. पेरणीचा वाफसा साधणाऱ्याला ही मुदत साधणे जड नाही.