द्राक्षांच्या आडून मद्यच!
जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधील वाईनविक्रीस मान्यता दिली, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद हिरिरीने केला गेला. शरीर मात्र हा भेद मानत नाही. एक ग्रॅम साखरेतून 4 कॅलरी मिळतात, तर मद्यार्कातून 7. वाईनच्या 150 मिलीलिटरच्या एका पेल्यात सुमारे 125 कॅलरी असतात. त्यांत ना प्रथिने, ना तंतू. शिवाय यकृत आधी मद्यार्काचा निचरा करते आणि तोवर चरबीचे ज्वलन मंदावते. वजन वाढेल म्हणून पोळ्या मोजणाऱ्या सुशिक्षित घराने पेले मोजू नयेत, हे कसले आरोग्यभान? द्राक्ष उत्पादकाचे हित अवश्य साधावे. मात्र त्यासाठी मद्याला फलाहाराचा मुलामा देणे ही समाजाची निव्वळ वंचना आहे.