डबे पुण्याचे, बोली कोणाची?

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी नोकरदाराची तक्रार ठरलेली असते: येथे सांबार-भातावाचून काही मिळत नाही. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास तो गोडा मसाला, भाजणी आणि कुळथाचे पीठ आणावयास सांगतो, आणि ते डबे फळीवर मांडले की आपले मराठीपण राखले असे समजतो. तोच गृहस्थ पुन्हा, सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, हेही छाती फुगवून सांगतो! ती आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु ज्या पदार्थास नाक मुरडावयाचे त्याचेच पितृत्व मिरवावयाचे, हा न्याय अजब खरा.

इतिहासच हवा असेल तर तंजावर याच राज्यात आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले आणि त्या आश्रयाने गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरला गेला. १८५५ साली राज्य खालसा झाले, राजाश्रय संपला, पोटासाठी तमिळ व इंग्रजी आवश्यक झाली. तरीही त्या कुटुंबांतून मराठी आजही बोलली जाते. त्यांपैकी कित्येक या चेन्नईत आपले शेजारी आहेत. त्यांच्या पूर्वजांना पुण्याहून डबे कोण पोहोचवीत होते? कावेरीकाठचा तांदूळ आणि चिंच त्यांनी आपली मानली. उडदाचे डांगर दह्यात कालविले आणि त्यास डांगर पच्चडी म्हटले. एक शब्द घरचा, एक शेजारचा. दोन्ही एका वाटीत सुखाने नांदले.

या मंडळींची मराठी ‘बिघडलेली’ आहे, असे आपल्यात हसत हसत म्हटले जाते. हसणाऱ्यांस एवढेच विचारावयाचे: आपली मुले घरी कोणती भाषा बोलतात? केंद्रीय विद्यालयांत शिक्षणाची माध्यमे इंग्रजी आणि हिंदी. मराठीस उरते ते केवळ घर. आणि पुढील बदलीत मुलांचे अडू नये म्हणून तेथेही आपण इंग्रजीच चालवितो. भाजणी पुण्याची, आणि तिचे थालीपीठ मुलगा मागतो इंग्रजीत! मग बिघडले कोणाचे?

कोणी म्हणेल, ते राहावयास आले होते. आपण तीन वर्षांचे पाहुणे. मीही बदलीचाच कारकून आहे. हा युक्तिवाद मला परका नाही. परंतु तीन वर्षे येथे, तीन आणखी कोठे, यातच मुलाचे बालपण सरते. ‘आपले घर तिकडे’ हेच तो ऐकत राहिला, तर इकडचे घर त्यास धर्मशाळा वाटेल आणि तिकडचे आजोळच्या सुटीपुरते. निवृत्तीनंतर बांधावयाचे घर आपले असेल; त्याचे नव्हे.

तेव्हा सांबार खुशाल रांधावे, बाजारापुरते तमिळ शिकावे, तंजावरी शेजाऱ्यास सणास पंक्तीला बोलवावे. मात्र पानात जे वाढाल, ते मुलांशी मराठीत बोलत वाढावे. पुण्याचा डबा एखादे वेळी नाही आला, तरी चालेल.