स्वदेशी दारापर्यंतच?

१९०५ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटवली, त्याच पुण्यात आज ऐन वैशाखात सायबेरियन हस्की फिरताना दिसतो. बर्फात स्लेज ओढण्यासाठी निपजलेला हा दाट दुहेरी केसांचा जीव कोथरूडच्या तापलेल्या डांबरावर धापा टाकतो आणि मालक त्याला प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून मिरवतो. चपट्या नाकाच्या पगची श्वासासाठीची धडपड पाहुण्यांना गोंडस घोरणे वाटते. लॅब्रॅडॉर तर न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रावर कोळ्यांबरोबर राबलेल्या कुत्र्यांचा वंशज. या जातीच्या अनेक कुत्र्यांत भुकेला लगाम घालणारे जनुकच सदोष असते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत तूप-पोळी खाऊन तो फुगतो आणि मग त्याचे सांधे कुरकुरू लागतात.

दख्खनच्या माळावर घडलेला करवानी मात्र या सुशिक्षितांच्या गावीही नसतो. निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय; वासापेक्षा नजरेवर धावणारा, परक्याला सहसा अंगाला हात लावू न देणारा. सांगली, सोलापूर, लातूरकडील शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला. कृष्णेपलीकडे तोच मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर झळकला, २०१६ मध्ये त्याची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा मुधोळचे नाव आवर्जून घेतले. स्वदेशीवर बौद्धिके ऐकणाऱ्या घरांनीही माना डोलावल्या. पिल्लू आणताना मात्र लॅब्रॅडॉरच आणले!

कोणी बुद्धिवादी लगेच विचारील, करवानी तरी कुठला इथला? नावावरूनच तो काफिल्यांबरोबर पश्चिमेकडून आलेला दिसतो! असेल. पण इथले ऊन, इथली भाकरी आणि इथले दुष्काळ सोसून जो शतकानुशतके टिकला, तो या भूमीचाच झाला. हस्कीला वातानुकूलित खोलीत कोंडून तसे होता येत नाही.

रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ मध्ये महाराष्ट्रात रण माजले. पुतळ्यातल्या कुत्र्यासाठी एवढा आवेश, आणि शर्यतीच्या हव्यासापायी ग्रेहाउंडशी संकर होऊन जिवंत करवानीचे शुद्ध रक्त हरवत असताना सारे मौन! कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र उभारले. त्या तोडीची आस्था महाराष्ट्राने का दाखवू नये?

अर्थात उत्साहाच्या भरात उद्याच कोणी करवानी विकत आणू नये. त्याच्या फासळ्या दिसतात त्या उपासमारीने नव्हे, ती त्याची ठेवणच आहे. त्याला चरबी बेताची, म्हणून भूल देण्यापूर्वी पशुवैद्याला जात सांगावी. रोज मोकळ्या जागी धावणे त्याला हवेच. सोसायटीच्या वाहनतळातील दोन फेऱ्यांनी भागत नाही. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी गल्लीतले एखादे पिल्लू उचलावे, त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, वेळेवर निर्बीजीकरण करावे.