मार्कांपलीकडचं फ्रेंच

‘फ्रेंच का घेतलंस?’ ‘अरे, स्कोअरिंग आहे ना!’ अकरावीत हे उत्तर चालून जातं. पण बीए, एमएला फ्रेंच घेणार असाल, तर तेवढ्यावर भागणार नाही, दोस्तांनो!

‘मला माहीत नाही’साठी आपण पुस्तकातलं ‘ज न से पा’ घोकतो. पॅरिसमध्ये मात्र कानावर ‘शे पा’ पडतं. तिथली पोरं शब्दच उलटे करतात. बाईला ‘फाम’ म्हणतात, त्याचं झालं ‘मफ’! या उलट्या बोलीचं नाव ‘वेर्लां’. मग हे फ्रेंच अशुद्ध का?

मालीत जन्मलेली गायिका आया नाकामुरा २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये गाणार, अशी नुसती चर्चा झाली, तर तिच्या फ्रेंचवरून केवढा गदारोळ उठला. शेवटी उद्घाटनाला ती गायलीच. तेही १६३५ साली स्थापन झालेली फ्रेंच अकादमी जिथे आहे, त्याच इमारतीतून बाहेर येत!

भाषा नक्की कुणाची, हा वाद समजून घेणं म्हणजे आजचं फ्रेंच शिकणं. गावाकडच्या मित्राच्या मराठीला हसणाऱ्या आपल्याला तो परका नाही. व्याकरण हवंच, पण सोबत गाणी, सिनेमे, बातम्याही ऐका. नाहीतर डिग्री हातात असेल आणि समोरचा बोलायला लागला की आपण गप्प!