शाल, श्रीफळ आणि स्वामित्वधन

गाणी लिहिणाऱ्याने गीतकारांच्या एखाद्या संघटनेचे सभासद व्हावे काय, आणि झाल्यास त्याच्या गीतलेखनाचे काही भले होते काय, हा प्रश्न वरकरणी वर्गणीच्या पावतीएवढा क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात गीत ही कुणा एकाची निर्मिती आहे की वाटेवर पडलेली, कुणीही उचलावी अशी वस्तू आहे, या मूळ मुद्द्याशी तो येऊन भिडतो. म्हणूनच त्याचे उत्तर मोघम देऊन भागणार नाही.

तिसगावच्या परिसरात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. जवळच मढीला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. त्याच पाथर्डी तालुक्यात मोहट्याला नवरात्रात देवीचा उत्सव असतो. गाण्यांना येथे कधीच तोटा पडला नाही. ती आधी कॅसेटवर वाजली, मग सीडीवर, आता मोबाइलवर वाजतात. परंतु कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठसठशीत, कंपनीचे नाव त्याहून ठसठशीत, आणि गीतकाराचे नाव असलेच तर भिंग घेऊन शोधावे असे! शब्द एकरकमी विकायचे, कागदावर सही करायची आणि पुढे आपलेच गाणे परक्यासारखे ऐकायचे, ही आपल्याकडील जत्रागीतकाराची जुनी रीत. वेष्टन गेले, पडदा आला. रीत फारशी बदलली नाही.

या संदर्भात दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, मिळेल त्या परिषदेचे, मंडळाचे सभासद व्हावे. ओळखी वाढतात, कामे मिळतात. हे मत भाबडे आहे. जगदीश खेबुडकर कोल्हापुरात शिक्षक होते, ना. धों. महानोर पळसखेड्यात शेती करीत होते. त्यांच्याकडे चित्रपटगीते चालत आली ती त्यांच्या शब्दांमुळे. कुठल्या ओळखपत्रामुळे नव्हे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि सामूहिक छायाचित्र देणाऱ्या संस्था आपल्याकडे उदंड आहेत. त्यांनी माणसाचे मन क्षणभर सुखावते, हे मान्य. पण वर्गणी घेऊन सत्कार करणे आणि गीतकाराच्या हक्काचा पैसा वसूल करणे ही दोन अगदी भिन्न कामे आहेत. त्यांची गल्लत करणारी संस्था गीतकाराचा वेळ आणि वर्गणी, दोन्ही वाया घालवते.

दुसरे मत याच्या नेमके उलट आणि दिसायला अधिक बाणेदार. अस्सल कवीला संघटना कशाला हवी? पठ्ठे बापूराव कोणत्या संघाचे सभासद होते? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बापूरावांच्या चरित्राचा शेवट वाचलेला नसतो. ज्यांच्या लावण्यांनी तमाशाची थिएटरे भरली, ते 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. हे उदाहरण संघटनेच्या विरोधात जाते की बाजूने, हे वाचकांनीच ठरवावे. कवीच्या दारिद्र्याला फकिरीचे वलय देणे सोपे असते. ते देणारे बहुधा पगारदार असतात.

आमच्या मते उत्तर या दोहोंच्या मध्ये नाही, वेगळ्याच ठिकाणी आहे. 1847 साली पॅरिसमधील एका उपाहारगृहात आपलेच गाणे सादर होत असताना अर्नेस्ट बूर्जे या गीतकाराने खाण्यापिण्याचे पैसे देण्यास नकार दिला. तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मग मी तुमच्या पेयाचे का द्यावेत, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल गीतकाराच्या बाजूने लागला आणि त्यातून 1851 मध्ये 'सासेम' ही वसुली करणारी संस्था उभी राहिली. संघटनेचा जन्म असा हिशेबातून झाला आहे, हारतुऱ्यांतून नव्हे.

आपल्याकडे 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' 1969 साली स्थापन झाली. परंतु 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याचे पारडे जड ठरवले. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी जोडलेल्या टिपणात कलावंतांच्या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. ते लक्ष जाण्यास पस्तीस वर्षे लागली! 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने ठरवले की, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गीताच्या अन्य वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकाराला सोडून देताच येणार नाही. तो जाईल तर वारसाकडे, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गीतांनाही हे संरक्षण आहे. याविरुद्ध जाणारा करार निरर्थक ठरतो. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले. संस्थेची नव्याने नोंदणी 2017 मध्ये झाली.

म्हणजे कायद्यानेच संस्थेला गीतकाराच्या वारसांच्या शेजारी बसवले आहे. आकाशवाणी, हॉटेल, संगीताचे कार्यक्रम आणि इंटरनेट यांवर आपले गाणे कुठे कुठे वाजले, हे तिसगावात बसून एकटा गीतकार मोजू शकत नाही. तिथे संस्था हवीच.

आता आक्षेपांकडे वळू. जत्रेतल्या गाण्याला याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आक्षेपात तथ्य आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातील आणि लग्नाच्या वरातीतील वादन-गायनाला कायद्याने सूट दिली आहे. तेव्हा पालखीपुढे वाजलेल्या गाण्याचे पैसे कोणतीही संस्था आणून देणार नाही, आणि देऊही नयेत. पण तेच गाणे ध्वनिमुद्रित होऊन मोबाइलवर हजारो वेळा ऐकले जाते तेव्हा तो धर्म नसतो, व्यापार असतो. व्यापारात शब्दांचा वाटा मागणे हे भक्तीशी द्रोह करणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, संस्था बड्यांच्या असतात. ही भीती निराधार नाही. 2012 पूर्वी संगीत कंपन्यांच्या वर्चस्वाविरुद्ध गीतकार-संगीतकारांनीच जाहीर तक्रारी केल्या होत्या. परंतु त्यावरचा उपाय बाहेर बसून नाके मुरडणे हा नसून आत जाऊन हिशेब मागणे हा आहे. नुसते सभासदत्व घेऊन स्वस्थ बसणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. प्रत्येक गीताची नोंद संस्थेकडे करावी लागते; करार लेखी असावा लागतो; त्यात गीतकाराचे नाव प्रत्येक ठिकाणी देण्याची अट घालावी लागते. मुंबईच्या 'स्क्रीनरायटर्स असोसिएशन'कडे गीतकारांनाही सभासद होता येते आणि गीताची नोंदणी करता येते. स्वामित्वहक्क गीत लिहिताक्षणीच जन्मतो हे खरे. पण वाद उद्भवल्यावर तारखेचा पुरावा लागतो.

शेवटी आमच्याच व्यवसायाविषयी दोन शब्द. कॉपीराइटचा कायदा गीताच्या शब्दांना 'साहित्यकृती' मानतो. मराठीचे विभाग मात्र अजून तसे मानावयास कचरतात. संगमनेरचे अनंत फंदी शाहिरी वाङ्मयाच्या इतिहासात सन्मानाने शिकवले जातात, कारण त्यांना जाऊन दोन शतके झाली. आज मढीच्या वाटेवर ज्याचे गाणे वाजते त्याचे नाव विचारण्याचे कष्ट आम्ही अध्यापक घेत नाही. ज्या समाजाचे समीक्षक गीतकाराचे नाव घेत नाहीत, त्या समाजातील कंपन्यांनी ते का छापावे?

तेव्हा संघटनेने गीतकाराचे भले होते काय? प्रतिभा, चाल आणि संधी ती देत नाही; ती देईन म्हणणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. जी हिशेब देते तिचे सभासदत्व मात्र अवश्य घ्यावे. कायद्याने गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. माडगूळकर 1977 साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत 2037 अखेर संपेल. तिसगावच्या गीतकारालाही तीच साठ वर्षे मिळालेली आहेत. फरक एवढाच की, ती कोणाच्या नावावर मोजायची हे लिहून ठेवणारी वही त्याच्याजवळ नाही.